अंडरकोटिंगवाल्या शेठजींस अनावृत पत्र

रा. रा. कोटिंगवाले शेठ यांस,
सा. न. वि. वि.

परवा आंबा घाट चढताना तुमची फार आठवण झाली. वळणावर मागून कडाड् आवाज आला, गाडी डावीकडे कलली आणि आमच्या ड्रायव्हरने ती कशीबशी डोंगराच्या अंगाला घेतली. खाली वाकून बघतो तर मागच्या पाट्याचा हँगर चासीपासून सुटून लोंबकळतोय. रिव्हेट शाबूत होते हं. त्यांच्या भोवतीचा पत्रा तेवढा शिल्लक नव्हता. आणि या सगळ्या पडझडीवर तुमचं काळं कोटिंग काय तुकतुकीत दिसत होतं! फोटो काढून तुमच्या बोर्डावर लावण्यासारखं.

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या तुकतुकीवर नुसतं टेकवलं, ते थेट आत गेलं. काळा थर उचकटला, त्याला चिकटून गंजाचे पापुद्रे निघाले आणि आत चक्क ओल. मार्गशीर्षातलं कोरडं ऊन, गाडी सकाळपासून उभी, आणि आत ओल! मिस्त्रीने बोट लावून जिभेवर टेकवलं, थुंकला आणि म्हणाला, "खारट. शेठनी लोणचं घातलंय चासीचं."

आमची गाडी मासळीची, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. सांगायची तरी काय गरज, वासानेच कळतं. मिरकरवाड्याला माल भरायचा, कोल्हापूरला उतरवायचा. क्रेट बंदरातल्याच पाण्याने विसळलेले. वाटेत बर्फ वितळतो आणि ते रक्ताचं, खवल्यांचं, खारं पाणी हौद्याच्या मागच्या भोकातून थेट चासीवर गळतं. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते चाकांनी उडून गाडीच्या बुडाला लागतं. आमच्याकडे ही सोय वरूनच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात तर मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलं राहतं. म्हणजे एकदा मीठ बसलं की रत्नागिरीत ती चासी कधी म्हणून वाळत नाही. गंजाला आणखी काय लागतं?

एक लागत होतं. डोक्यावर छप्पर. ते तुम्ही घालून दिलंत.

गाडी धुतली नाहीत, शेठ. माझं सगळं दुखणं या तीन शब्दांत आहे. फवारलेला थर कितीही जाड असो, थोडी वाफ आत जातेच, आणि आत मीठ असलं की ते तिला ओढूनच घेतं. मग थराखाली फोड येतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, तो थराला आतून ढकलतो. वरून मात्र सगळं काळंभोर, छान. उघडी चासी गंजते तेव्हा निदान दिसते तरी, मिस्त्री हातोडी मारून सांगतो की बाबा रे, हे गेलं. तुम्ही पैसे घेऊन आमचे डोळे बांधलेत.

आणि मुहूर्त तरी कुठला? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी, मासळीच्या गाड्या मोकळ्या, म्हणून तुमची 'पावसाळी ऑफर'. बाहेर आषाढ कोसळतोय, तुमचं पत्र्याचं छत गळतंय आणि तुमचं पोरगं फडक्याने चासी पुसून त्यावर फवारा मारतंय. सकाळी आणा, संध्याकाळी न्या! बुडाला चिखल होता त्यालाही कोटिंग झालं. चिखल अजून सुरक्षित आहे.

किरकोळ तक्रारी लिहीत नाही. पाणी जायची भोकं बुजवलीत, पाट्यांच्या फटीत आणि ब्रेकच्या पाइपांवर डांबर थापलंत, चासी नंबर असा गाडलात की पासिंगच्या वेळी खरवडून काढावा लागला. पाच वर्षांच्या वॉरंटी कार्डावर मात्र बारीक अक्षरांत 'खाऱ्या पाण्याचा संपर्क वगळून' असं आहे. रत्नागिरीत! तुमच्या सेल्समनने मला दिल्लीच्या लोहस्तंभाचीही गोष्ट ऐकवली, सोळाशे वर्षं उभा आहे म्हणून. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, दिल्लीची हवा बरेच महिने कोरडी असते, आणि त्यावर रोज रात्री पापलेटचं पाणी कोणी सोडत नाही.

हे सगळं मी हसतखेळत लिहिणार होतो. पण हँगर चढावर सुटला, शेठ. उतारावर सुटला असता तर? केबिनमध्ये दोन माणसं होती, मागे भरलेली एसटी होती. ड्रायव्हरची पोरगी यंदा दहावीला आहे. काळा रंग मारून तुम्ही काय झाकत होतात, याचा कधी विचार केलात? लाज वाटू द्या थोडी!

मिस्त्रीलाच विचारलं, हा माणूस गाडी धूत का नाही? तो म्हणाला, पाणी कुठाय? खरंच आहे. कोटिंग करायचं ते मे महिन्यात, लोखंड कडकडीत वाळलेलं असताना. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यातच टँकर फिरतात. ट्रकचं बूड गोड्या पाण्याने नीट धुवायचं तर टँकर विकत घ्या, एक दिवस धुवा, दोन दिवस वाळवा, घासा, मग प्राइमर. तेवढा दर लावला तर आमच्यातला एकही गाडीवाला तुमच्या दारात उभा राहणार नाही. तुमच्या दुकानाच्या शटरचा खालचा पत्राही गंजून गेलाय, मी पाहिलाय. तुम्हालाही हे खारं वारं सोडत नाही.

पण म्हणून मीठ पुरून वर डांबर? जुने ड्रायव्हर जळकं ऑइल मारायचे. घाण व्हायची, रस्त्यावर गळायचं, त्याची भलामण मी करत नाही. पण ते फटीत शिरायचं आणि खालचा गंज लपवायचं नाही. आता मी हौद्याच्या भोकाला पाइप जोडून घेतलाय. वितळलेलं पाणी मागच्या टाकीत जातं, चासीवर नाही आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या चाकाखालीही नाही. गाडी कोल्हापूरला रिकामी झाली की तिथेच गोड्या पाण्याने बूड धुवून घेतो. या दोन्ही गोष्टी तुम्ही तेव्हाच सांगू शकला असतात. त्यात तुमचा डबा खपला नसता, एवढंच.

वॉरंटी कार्ड सोबत जोडलंय. कोटिंगचे पूर्ण पैसे आणि हँगरचं बिल आठवड्याभरात मिळावं. 'खारं पाणी वगळून' हे मला पुन्हा ऐकवू नये.

आपला,
एक मासळीवाला

ता. क. : खड्ड्यात उताणं झोपून फवारा मारणाऱ्या त्या पोराला मास्क आणि चष्मा घेऊन द्या. माझ्या पैशांतून कापलेत तरी चालेल.