कटऑफकाका

जून लागला की आमच्या सोसायटीत दोन गोष्टींना ऊत येतो: गच्चीच्या गळतीला आणि कटऑफकाकांना. गळतीवर दरवर्षी नवा कंत्राटदार नवा उपाय सुचवून जातो. काकांवर मात्र कोणी उपाय शोधत नाही, कारण ज्याच्या घरात बारावीचं मूल आहे त्याचं त्यांच्यावाचून पान हलत नाही. ज्याच्या घरात तसं मूल नाही, त्याला ते लिफ्टमध्ये गाठतात आणि मोठ्या आशेनं विचारतात, "पुतण्या, भाचा वगैरे कोणी?"

त्यांचं खरं नाव पार्किंगमधल्या पाटीवर आहे, पण ते वाचायला कोणी वाकत नाही. बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ. कर्ज मागायला आलेल्याकडे ज्या नजरेनं बघायचे, त्याच नजरेनं ते आता बारावीच्या पोरांकडे बघतात. मूल दारात उभं राहिलं की "ये, बस" नाही, "पाणी हवं का" नाही. पहिला प्रश्न, "किती?"

"ब्याण्णव."

काका डोळे मिटून घेतात. "ब्याण्णव पॉइंट किती?"

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सीईटी सेल पर्सेंटाइल देतो तो दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. मुलाचं उरलेलं आयुष्य त्या सात आकड्यांतच कुठेतरी अडकलेलं असतं, असं काकांचं ठाम मत आहे.

एकदा बी विंगमधल्या आजी नातवाच्या ब्याण्णवचे पेढे घेऊन आल्या. काकांनी आधी पेढा तोंडात टाकला आणि मग समजावायला घेतलं. "आजी, हे ब्याण्णव मार्क नव्हेत. पेपर दोनशेचा असतो. शंभर पोरं ओळीत उभी केली तर ब्याण्णव याच्या बरोबर किंवा मागे, आणि आठ याच्या पुढे."

"आठच ना? मग लागेल की नंबर!"

"आजी, परीक्षेला शंभर पोरं नाही बसत, लाखांनी बसतात. त्या हिशेबानं पुढे उभी आहेत ती हजारो."

आजींनी उरलेले पेढे पदराखाली घेतले आणि घरी परत नेले.

गेल्या काही वर्षांचे सगळ्या फेऱ्यांचे कटऑफ काकांना मुखोद्गत आहेत. काकूंचं म्हणणं असं की लग्नाचा वाढदिवस त्यांना आठवत नाही, पण सांगलीच्या वालचंदचं इलेक्ट्रिकल कोणत्या फेरीत किती खाली उतरलं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. जीओपनएस, एलओपनएच हे संकेत त्यांच्या तोंडी स्तोत्रासारखे खेळतात. सुरुवातीला जी असला तर जागा सर्वांची, एल असला तर मुलींची. शेवटी एस आला तर राज्यभराची, एच आला तर आपल्या विद्यापीठाची. हे आता आमच्या वॉचमनलाही पाठ झालं आहे. त्याचा मुलगा दुसरीत आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र हा माणूस खरोखर देवमाणूस. मुलं अजून प्रिलिमच्या तयारीत असतात, तेव्हाच सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज येऊन पडतो: उत्पन्नाचा दाखला काढा, अधिवास काढा, जातपडताळणीची पावती शोधा, आणि येत्या ३१ मार्चला संपणारं नॉन-क्रिमिलेयर घेऊन जुलैत माझ्याकडे रडत येऊ नका, ते पुढच्या ३१ मार्चपर्यंतचं लागतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शुल्कमाफीच्या पाच टक्के जादा जागा असतात, आणि अशा घरातल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे, हे आमच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं ते काकांनीच. नुसतं सांगून थांबले नाहीत. त्याच्या मुलीच्या एलसीवर आईच्या नावातली एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून घ्यायला शाळेत गेले, तिथून सेतू केंद्रात गेले आणि शेवटी तहसील कचेरीच्या रांगेत घामाघूम होऊन उभे राहिले. त्यानंतर इस्त्रीवाला शर्टांचे पैसे घेईना, तेव्हा त्याच्याशी कडाडून भांडलेही.

गोंधळ होतो तो याच्या पुढे. कारण काकांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: मार्क वाया जाता कामा नयेत.

शहाण्णव पडलेल्यानं चौऱ्याण्णवला मिळणारी शाखा घेतली तर दोन पर्सेंटाइल बुडाले, असा त्यांचा साधा हिशेब. मुलाला काय शिकायचंय हा प्रश्न त्यांना अप्रस्तुत वाटतो. पैसे पूर्ण मोजून दिलेत ना, मग माल पूर्ण वजनाचा घ्या. त्यामुळे कॉम्प्युटर मिळत असेल तर कॉम्प्युटर, नाही तर आयटी, तेही नाही तर एआयडीएस, त्याच्याही खाली आलात तर ईएनटीसी, आणि मेकॅनिकल म्हणालात तर काकू आतून सरबत पाठवतात. कुणी आवडीचं नाव काढलंच, तर काका म्हणतात, "आवड काय, लागते. मला कर्जखातं आवडत होतं का?"

पण कॉलेज बघायला त्यांच्याबरोबर जावं. पालक मंडळी प्रवेशद्वारावरच्या फलकासमोर उभी असतात, 'हायेस्ट पॅकेज' या शब्दांखाली हसणाऱ्या मुलाचा फोटो बघत. काका त्या मुलाकडे ढुंकून बघत नाहीत. ते काउंटरवरच्या मॅडमना विचारतात, "मीडियन किती?" मॅडम पुन्हा हायेस्ट सांगतात. काका शांतपणे म्हणतात, "बाई, सर्वांत उंच मुलाची उंची नको मला. रांगेच्या मधल्या मुलाची सांगा." मग नॅकची श्रेणी पुढे केली जाते. काकांचं उत्तर तयार असतं: "नॅक झालं संस्थेचं. या शाखेला एनबीए आहे का?" मॅडम आत विचारायला जातात आणि परत येत नाहीत.

तोवर काका वर्कशॉपमध्ये पोचलेले असतात. तिथे ते लेथच्या बेडवरून बोट फिरवतात. बोटाला तेल लागलं तर मान डोलावतात, धूळ लागली तर तेच बोट पालकांच्या नाकासमोर धरतात. मग कँटीनमध्ये जाऊन कटिंग मागवतात आणि चहावाल्याला सहज विचारतात, "शेवटच्या वर्षाची पोरं जानेवारीत दिसतात का हो इथे, की कंपन्यांत गेलेली असतात?" माहितीपत्रकात नसलेली माहिती चहाच्या एका ग्लासात गोळा करणारा हा माणूस बँकेनं कर्जखात्यात का ठेवला होता, ते तेव्हा समजतं.

एवढी पारख असलेला माणूस पसंतीक्रम भरताना मात्र पार बदलतो. खरं तर तो अर्ज अगदी साधा आहे. हवं ते वर लिहा, त्याहून कमी हवं ते खाली. यंत्र गुणवत्तेच्या क्रमानं तुमच्यापर्यंत येतं आणि तुमची यादी वरून खाली वाचतं. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालची जागा हातची जात नाही. हे काकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण ते यादी लावतात ती कटऑफच्या उतरत्या क्रमानं. अर्ज विचारतो, काय हवं? काका उत्तर देतात, किती पडले.

या कार्यपद्धतीला पहिला तडा गेला तो गेल्या वर्षी, आणि तो दिला चौथ्या मजल्यावरच्या मुलीनं. तिला नव्याण्णव पॉइंट चार मिळाले होते. काकांनी सात आकडे टिपून घेतले, चष्मा पुसला आणि विजयी मुद्रेनं तक्ता उघडला. मुलगी म्हणाली, "काका, मला पुण्याच्या सीओईपीला सिव्हिल हवंय."

काकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सिव्हिल कोर्टाबद्दल बोलतेस का?"

"त्याच्याच खाली जायचंय. तिथलं मेट्रो स्टेशन शंभर फुटांहून खोल आहे, आणि तिथून मंडईकडे जाताना गाडी मुठेच्या पात्राखालून जाते. वर नदी असताना खाली कोरडं कसं ठेवतात, ते मला शिकायचंय."

काकांनी तिच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं.

"अगं, पण सिव्हिल तुला याच्यापेक्षा कमीत मिळेल!" काकांचा आवाज कापत होता. समोर कोणी डोळ्यांदेखत नोटा जाळाव्यात, तसं त्यांना झालं असावं. मुलगी काही हटेना. म्हणाली, ते कॉलेज १८५४ साली निघालं तेच मुळी बांधकाम खात्याला माणसं हवी होती म्हणून. विश्वेश्वरय्या तिथेच शिकले, आणि १९०३ साली खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले.

"त्यांच्या वेळी कॅप राउंड नव्हते," काका म्हणाले. पण बोलण्यात जोर नव्हता.

पुढले दोन-तीन दिवस ते कट्ट्यावर दिसले नाहीत. काकू म्हणाल्या, जेवण कमी झालंय, रात्री उठून तक्ता बघतात. मग एका सकाळी त्यांनीच चौथ्या मजल्याची बेल वाजवली. चेहरा उजळलेला. "सापडलं!" ते दारातूनच म्हणाले. "पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते. पुढच्या फेऱ्या नाहीत, वाट बघणं नाही, बेटरमेंटची टांगती तलवार नाही. बाकीची पोरं ऑगस्टपर्यंत जागत बसतील आणि हिचा मामला पहिल्या झटक्यात खलास! ते वरचे पर्सेंटाइल वाया नाही गेले. त्यांत आपण निश्चिंती विकत घेतली!"

मुलगी म्हणाली, "हो काका." या सोसायटीत इतकी वर्षं वाढलेल्या मुलीला कुठे थांबायचं ते कळत होतं.

तिला पहिल्याच फेरीत जागा मिळाली. तेव्हापासून ही सगळी योजना काकांची होती असं सोसायटीला समजलं आहे. "सिव्हिल घे म्हणून मीच सांगितलं तिला," ते कट्ट्यावर नव्या पालकांना सांगतात. "पोरांना विचारावं हो, काय आवडतं ते."

आणि ते खरोखरच विचारू लागले आहेत. यंदाच्या तक्त्यात पर्सेंटाइलच्या शेजारी 'आवड' नावाचा नवा रकाना आहे. अट एवढीच की तो आकड्यात भरायचा. परवा बी विंगमधल्या मुलाला त्यांनी समोर बसवलं आणि विचारलं, "मेकॅनिकलची आवड किती?" मुलगा गांगरून म्हणाला, "असेल सत्तरेक."

"सत्तर पॉइंट किती?" काकांनी पेनाचं टोपण काढलं.