चादरीची दोन टोकं

आषाढातला भंडारदऱ्याचा पाऊस म्हणजे धुणं वाळवणाऱ्या बाईची परीक्षाच. आमच्या आणि काकींच्या परसात कारवीच्या काठ्यांचं कुंपण आहे. मधल्या काठ्या मोडून वर्ष झालं. त्या भोकातून कालवणाची वाटी जाते आणि गावाची बातमी येते.

"गोधड्या परत धुतल्यास?" डोक्यावरची खोळ सावरत काकींनी विचारलं.

"रात्रीत दोनदा भिजल्या. सासूबाईंच्या अंगावरनं वारं गेल्याला आठ महिने झाले, काकी. आता माझ्याच अंगातला जीव गेल्यासारखं झालंय."

"नाशिकची नणंद काय म्हणते?"

"परवा फोनवर आईला बघितलं न् म्हणाली, वैनी, केस किती कोरडे पडलेत, तेल लावत जा. म्हटलं, तेल आहे, डोकंही आहे, दोन हात तेवढे पाठवा."

काकी खुदकन हसल्या. काकांच्या अंगावरनं वारं गेलं तेव्हा त्यांनी सहा वर्षं एकटीनं केलं होतं. "पाठ बघतेस ना रोज?"

"माकडहाडापाशी लाल दिसतंय."

"बोटानं दाबून बघ. बोट काढल्यावर क्षणभर पांढरं पडलं तर बरं. लालच राहिलं तर जखमेची सुरुवात समज आणि आशाताईला लगेच बोलव. चोळू नको तिथं. दर दोन तासांनी कूस बदल, पण ओढून नाही, कातडी सोलते. खाली चादर घाल, ती उचलून वळव."

"चादरीला दोन टोकं असतात, काकी. मी एकटी."

"आणि तुझा नवरा? पाहुण्यांच्या तंबूत जाऊन उशा बदलतो, मग आईची कूस बदलायला काय हात झडतात?"

"तुम्हीच सांगा त्यांना. पेपरात आलं होतं, 2024 साली सरकारनं देशभर वेळेची पाहणी केली. घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांची दिवसाला 140 मिनिटं जातात, पुरुषांची 74."

"140? एवढा वेळ तर पेज भरवण्यातच जातो! बरं, श्रावणबाळचे पैसे येतात का?"

"येतात, महिन्याला 1500. सासूबाईंच्या खात्यावर."

"बघ की! कावड खांद्यावर घेतली त्याच्या नावानं योजना, आणि पैसे कावडीत बसलेल्याला. वाहणाऱ्याला काय?"

"2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात सांभाळणाऱ्यासाठी भत्ता लिहिलाय म्हणे. फार आधार लागतो अशा माणसांसाठी."

"लिहिलाय ना? मग आधी म्हातारीचं दिव्यांगाचं कार्ड काढून घे. कार्ड नसेल तर मागायचं तरी कशाच्या जोरावर? आणि ज्येष्ठांसाठी 14567 हा नंबर आहे, सकाळी 8 ते रात्री 8. तुझंच मन फार दाटून आलं तर 14416, तो दिवसरात्र चालू असतो."

"मन दाटतं रात्री अडीचला, आणि पावसात तेव्हा रेंज नसते."

"तेही खरंच. पुण्यात कंपवाताच्या लोकांचं मित्रमंडळ आहे, पार्किन्सन्स मित्रमंडळ. तिथं आजारी माणसाबरोबर त्याच्या घरचेही जमतात. सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात."

"किती गोड! मला इथं सगळे 'बिचारी' म्हणतात. आणि जाताना म्हणतात, काही लागलं तर सांग हं."

काकींनी कंबरेवर हात ठेवले. "आवणीला कुणी असं म्हणतं का गं? सावडीची बाई आली की पदर खोचून सरळ खाचरात उतरते. आज तुझं खाचर, उद्या माझं. मग म्हातारीच्या खाटेपाशी सावड का नको?"

"लोक म्हणतील, सून कंटाळली."

"कंटाळलीस की! मीही कंटाळले होते. काका गेले त्या रात्री आधी झोप लागली, रडू नंतर आलं. आजवर कुणाला सांगितलं नाही." काकी जरा थांबल्या. "तू माझ्यासारखं करू नकोस. नुसतं 'मदत करा' म्हटलंस तर लोक सल्ला देतात. 'बुधवारी चार ते सहा बसा' म्हण."

मी कुंपणाची काठी धरून उभी होते. आठ महिन्यांत आल्या-गेलेल्या सगळ्यांना चहा दिला, पण मागितलं कुणाकडेच काही नव्हतं.

"काकी," मी म्हटलं, "आज चार ते सहा बसाल?"

"चारची वाट कशाला बघायची?" म्हणत त्या भोकातून अलीकडे आल्या. पाय पुसले, हात धुतले. चादरीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. सासूबाई अलगद वळल्या, कण्हल्यासुद्धा नाहीत.

"परवा माझी आवणी आहे," काकी म्हणाल्या. "सावड फेडायला ये. तेव्हा नवऱ्याला बसव इथं. आता जा, पड जरा."

पडल्या पडल्या डोळा लागला. उठले तेव्हा पाऊस उघडला होता, आणि सासूबाईंच्या केसांना कुणीतरी तेल लावून घट्ट वेणी घातली होती.