कासचा फोटो
साताऱ्याजवळच्या कास पठारावर सप्टेंबरात फुले येतात आणि त्यांच्यामागोमाग मोबाइल. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या या पठारावरची ‘सीतेची आसवे’ ही जांभळी फुले जेमतेम नखाएवढी. त्यांचा फोटो हवा तर वाटेवरच गुडघे टेकून कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणावा लागतो. त्यापेक्षा ताटव्यात फतकल मारणे सोपे. मागची फुले फोटोत येतात. खाली चिरडलेली सुदैवाने येत नाहीत. धुक्यात उजेड मऊ पडतो, सावल्या बोचत नाहीत आणि जांभळा खराखुरा जांभळा दिसतो. नेमके तेव्हाच मंडळी ऊन पडायची वाट बघत भजी खातात. मग भर दुपारी, डोळे किलकिले करून, सहकुटुंब फोटो उरकला जातो. उडालेला जांभळा रंग परतीच्या गाडीत फिल्टरने भरतात.