सरखेल

सरखेल ही पदवी कान्होजी आंग्र्यांची. आमच्या कोथरूडच्या इमारतीने ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना बहाल केली, त्याला कारण वाशिष्ठीची सहल. असा एक गृहस्थ प्रत्येक इमारतीत असतोच. सहल ठरली की बाकीचे बॅगा भरतात, हा तक्ते भरतो.

शनिवार-रविवार चिपळूण, गोवळकोटच्या धक्क्यावरून मशीनची होडी, खाडीतून फेरफटका, मगरी बघायच्या आणि मासे खाऊन परत. एवढ्याशा बेताला काकांनी चार बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत नकाशा. दुसऱ्या बैठकीत डिझेल. तिसऱ्या बैठकीला ते बनियनवर केशरी लाइफ जॅकेट घालून आरामखुर्चीत बसले होते. तासभर बसल्यावर काचतं का, हे त्यांना बघायचं होतं. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, निदान सदरा तरी घाला आतून. पाहुणे आलेत."

चौथ्या बैठकीत तक्ता आला. 9.30 प्रस्थान. 10.15 खारफुटी. 11.00 भडंग. 11.40 मगर. 'मगर' या नोंदीपुढे कंसात 'दहा मिनिटे' असं होतं. मगरीला हे कोण कळवणार, असं कुणीतरी विचारलं. काकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

होडीवाल्याला फोन मात्र आमच्यासमोर, स्पीकरवर लावला. तक्ता वाचून झाला. पलीकडे शांतता. मग आवाज आला, "ते सगळं ठीक हाय काका, पण तिथी कुठली?"

"तिथीचा काय संबंध? आम्ही पूजेला येत नाही."

"तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते."

काकूंनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघून तिथूनच ओरडून सांगितलं, "षष्ठी!" सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास ओहोटी; आणि खाडीच्या तोंडाशी पाणी उतरल्यावर वर चिपळूणकडे ते आणखी उशिरा उतरतं. होडीवाला म्हणाला, "दुपारी दोननंतर या."

पण दोनला तक्त्यात 'सुरमई' होती. शिवाय काकांपाशी शास्त्र होतं. कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर बोगद्यातून घाटाखाली उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं, हे त्यांनी आम्हाला कुंभार्ली घाटात दोनदा, कोळकेवाडीच्या पाटीपाशी एकदा समजावून सांगितलं. "बारमाही पाणी! इथे ओहोटी फक्त पुस्तकात." (शास्त्र खरं होतं. फक्त ते काकांच्या बाजूचं नव्हतं.)

साडेनऊला, मिनिटाचाही फरक न पडता, आम्ही निघालो. होडीवाला काही बोलला नाही. सव्वादहाला खारफुटी आली, काकांनी खूण केली. अकराला भडंगाचा डबा उघडला आणि त्याच क्षणी तळाला खरखर झाली. होडीवाल्याने मशीन उचललं, बांबूने ढोसून बघितलं आणि बांबू खाली ठेवून विडी पेटवली.

"आता?"

"आता पाणी येईल तवा."

काकांना हे पटेना. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, जॅकेटचे तिन्ही पट्टे आवळून ते ढकलायला उतरले. पाणी घोट्यापर्यंत. खाली चिखल पोटरीपर्यंत. केशरी जॅकेटातले काका त्या चिखलात पुरलेल्या मैलाच्या दगडासारखे दिसत होते. एक चप्पल वाशिष्ठीने ठेवून घेतली. दोघांनी दंडाला धरून त्यांना वर ओढलं, तेव्हा होडीवाल्याने विडीच्या टोकाने समोरच्या काठाकडे बोट केलं.

उघड्या पडलेल्या गाळावर, ओंडका म्हणावा अशी, एक भलीमोठी मगर ऊन खात पडली होती. तोंड उघडं. होडीत कुणी श्वास घेईना. काकूंनी काकांचा पट्टा घट्ट धरला.

काकांनी मनगटावरचा चिखल अंगठ्याने पुसला, घड्याळ बघितलं आणि खिशातून पेन काढलं.

"अकरा चाळीस," ते म्हणाले. "दहा मिनिटं."