काळजीवाहू सरकार

लाच घेताना रंगेहाथ सापडलेल्या साहेबांची सरकार किती काळजी घेतं पाहा. कोठडीत 48 तासांहून जास्त काढले की निलंबन आपोआप, अर्जबिर्ज नको. मग निर्वाह भत्ता म्हणून अर्धा पगार, काम शून्य. तीन महिन्यांनंतरही प्रकरण रखडलेलं आणि त्यात साहेबांचा दोष नसेल, तर भत्ता पाऊण पगारापर्यंत! फक्त दुसरा नोकरीधंदा करत नाही, एवढं लिहून द्यायचं. राज्यघटनेच्या कलम 311 प्रमाणे गुन्हा सिद्ध झाल्यास विभागीय चौकशीविना बडतर्फ करता येतं. पण आधी तो सिद्ध व्हायला हवा ना! तोवर फाईल खटल्याच्या मंजुरीसाठी टेबलं फिरते. दाखल्यासाठी आलेल्याला ‘उद्या या’ सांगणारं खातं बडतर्फीलाही तेच सांगतं. यात पक्षपात कुठे आहे?