ढेरी दाबून पाहावी

प्रथम रोगी ओळखावा. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात खाली कांद्यासारखी फुगलेली ढेरी आणि वर अंबाडा सुटल्यासारखी लांब लोंबती पानं दिसली, की तो पोनीटेल पाम. आगरात चाळीस माड उभे असताना माणूस पुण्याहून पैसे मोजून, एसटीत मांडीवर घेऊन आणखी एक ‘पाम’ घरी का आणतो, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. मी आणला, एवढंच सांगतो.

त्यात तो पाम नव्हेच. माडापोफळीशी त्याचं काही नातं नाही. शास्त्रज्ञ त्याला शतावरीच्या कुळात बसवतात, म्हणजे भावकी म्हणाल तर गडग्यावरच्या घायपाताशी. मूळ गाव पूर्व मेक्सिकोतलं, कोरड्या मुलखातलं. म्हणून मिळेल ते पाणी ढेरीत साठवून महिनोन्‌महिने पुरवायची सवय. अशाला आपण रत्नागिरीत आणतो, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आषाढात मिठाच्या बरणीलाही पाझर फुटतो. मंडालेच्या कोरड्या हवेतल्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं. त्याला उशिरा का होईना, १९१० च्या सुमारास राजवाडा तरी मिळाला. याला मिळते चिनीमातीची कुंडी, तीही बिनभोकाची.

आता निदान. अंगठ्याने ढेरी दाबावी. ही विद्या रत्नागिरीकराला शिकवावी लागत नाही. अढीतला हापूस दाबून दाबून अंगठा तयार झालेला असतो. फक्त निकाल उलटा वाचायचा. कडक लागली तर प्रकृती उत्तम. घट्ट आहे पण सुरकुतली असेल, तर तहान. एकदा भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावं आणि विसरून जावं. मऊ लागली, तर मात्र ‘तयार झाला’ म्हणून आनंदू नये. ती कूज. खालची दोन-चार पानं पिवळी पडणं हे वय. सगळाच पिवळा पडला, तर पाणी जास्त झालं. पानांची टोकं करपली तर कात्रीने तिरकी कापावीत, कुणाला बोलू नये.

कुजीचं कारण बहुधा एकच असतं: जिव्हाळा. आमच्याकडे सकाळी मी पाणी घालत होतो, दुपारी ही, आणि तिन्हीसांजेला आत्या देवाचा तांब्या ओतत होती. तिघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. झाड मलूल झालं तशी आत्या म्हणाली, “मेल्याला मीठ घातलंस का?” माडाला घालतात म्हणून तिने मूठभर घातलंही. माड ते पचवतो. याने दोन आठवड्यांत मान टाकली.

शस्त्रक्रिया अशी. रोगी कुंडीतून उपटून माती झाडावी. काळी, बुळबुळीत मुळं कापावीत आणि ढेरीचा मऊ भाग पांढरा, टणक गर लागेपर्यंत चाकूने कोरावा. गर लागलाच नाही, तर जवळच्या नातेवाइकांना कळवावं. जखमेला पोफळीसाठी आणलेलं बोर्डो मिश्रण लावून आठ दिवस सावलीत आडवा ठेवावा. पावसाळ्यात सावली आणि ओल एकच असल्याने पंख्याखाली ठेवावा. वीज असेल तेव्हा.

नवी कुंडी ढेरीपेक्षा जराशीच मोठी आणि भोक असलेली. एक भाग माती, दोन भाग मुरूम आणि नदीची जाडी वाळू. भाट्याच्या किनाऱ्यावरची फुकट मिळते, पण खारट असते. आत्याचं मीठ पुरे झालं. जागा सर्वांत उजेडाच्या खिडकीपाशी, पागोळीच्या तुषारांपासून लांब. पहिले दोन आठवडे पाणी नाही. पुढे उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसावी. अगदी कोरडी बाहेर आली तरच द्यावं. श्रावणात महिनाभर काडी ओलीच येते. त्या काळात हातांना चाळा म्हणून पानांवरची धूळ पुसावी आणि बेचक्यांत कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले, तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपावेत.

आमच्या रोग्याला चौथ्या महिन्यात मधोमध बोटभर नवी पात फुटली. आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “बघ, मीठ लागू पडलं.” गणपतीला येते आहे. तांब्या माळ्यावर टाकला आहे.