सौ. हवाबंद पाटीबाई यांस

मुक्काम : हवेच्या यंत्राचा खांब, पेट्रोल पंप, हिंगणा रोड.



पत्रास कारण की, नवतपा लागला असतानाच आम्ही सहकुटुंब वेरूळला निघालो. पहाटे साडेपाचला पंपावर आलो, कारण टायरची हवा थंड टायरवर मोजायची असते. गाडी धावून तापली की काटा उगाच फुगवून दाखवतो. चालकाच्या दाराजवळ कंपनीने स्टिकर चिकटवलेलं असतं : माणसं कमी असली तर इतकी हवा, गाडी भरलेली असली तर तितकी. आमची गाडी भरलेली होती, शिवाय सासूबाईंची लोणच्याची बरणी. म्हणून ‘तितकी’ हवा घ्यायला आलो आणि आपलं दर्शन झालं : ‘हवा बंद आहे.’

अक्षर सुरेख आहे तुमचं. ऑइल पेंटमध्ये आहे. दोन दिवसांच्या बिघाडासाठी कुणी ऑइल पेंटचा डबा उघडत नाही, तेव्हा आपला मुक्काम कायमचा दिसतो. अभिनंदन.

तुमच्या समोरच छताखाली तुमची थोरली बहीण टांगलेली आहे : ‘इंधन वाचवा. टायरमध्ये योग्य हवा ठेवा.’ पीसीआरए, म्हणजे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, १९७८ साली स्थापन झाली. तिचाही उपदेश हाच. दोघी बहिणी एकाच पंपावर राहता, पण बोलणं-चालणं नाही वाटतं?

आणि तुमच्या शेजारचं ते चकचकीत यंत्र! नायट्रोजनचं. ते पहाटे साडेपाचलाही ठणठणीत होतं. टायरमागे पैसे. नायट्रोजन कोरडा असतो, जरा सावकाश गळतो, हे मान्य. पण पाटीबाई, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. म्हणजे पंपावर ७८ टक्क्यांची सोय चोख होती, बंद होते ते उरलेले २२ टक्के. आणि ते २२ टक्के मिसळले की हवा फुकट द्यावी लागते, एवढाच काय तो बिघाड.

मायलेजच्या नावाने रडायला आम्हाला कारणं कमी नाहीत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने ऊर्जा कमी. एसी लावला तर इंजिनावर भार, काचा उघडल्या तर अंगावर झळा. मेहुण्याने टपावर कॅरिअर बांधलं, ते वाऱ्याला आडवं. त्यांच्याविषयी तक्रार नाही; मेहुण्याविषयी आहे, पण ती घरात करतो.

आता वेरूळची वाट, म्हणजे समृद्धी महामार्ग. तो आमच्याच हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याहून सुरू होतो, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत. कारला मुभा ताशी १२० किलोमीटरची. वेग ८०चा १२० केला की समोरच्या वाऱ्याचा विरोध सव्वादोन पट होतो. गाडीबाहेर एवढी हवा अंगावर येते की पेट्रोल तिच्याशी झुंजण्यातच जातं, आणि टायरच्या आत हवी ती पंपावर मिळत नाही. मायलेज हवं असेल तर ८०-९०ने चालवावं, हे आम्हाला कळतं. मागून हॉर्न वाजवणाऱ्यालाही कळवा.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय हवा कमी झाली की मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. दहा पीएसआय कमी असली तर दोन टक्के. हजार किलोमीटरच्या फेरीत, लिटरला सोळा धरले तर, सव्वा लिटर. तुम्ही म्हणाल, सव्वा लिटरसाठी एवढं पत्र?

नाही हो बाई. सव्वा लिटर गेलं खड्ड्यात. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बगलेत दबतो, आतून तापतो. खाली मे महिन्याचा काँक्रीट रस्ता, पारा पंचेचाळीसच्या घरात, गाडीत लेकरं, वेग शंभरावर. असा टायर फुटला की ब्रेक मारायची बुद्धी होईपर्यंत गाडी दुभाजकावर असते. समृद्धीवर लोक असे मेले आहेत. २०२३ मध्ये आरटीओवाले महामार्गाच्या तोंडाशी उभे राहून टायर तपासत होते, ते हौस म्हणून नाही. आणि त्या तोंडाशी यायच्या आधीच्या पंपावर कोण स्वागताला? तुम्ही!

हे लिहिलं आणि तुमची दयाही आली. छताची सावली पेट्रोलच्या मशीनवर. हवेचा खांब कोपऱ्यात, उघड्यावर. दिवसभर तिथे तुम्ही तापता आणि तुमच्याशेजारी तोंडाला दुपट्टा बांधलेला तो पोरगा तापतो. लोक तुम्हाला वाचतात आणि शिव्या त्याला देतात. मीही आवाज चढवला, तेव्हा तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “मशीन चालू हाय न काका. मालक म्हणते, पाटी काढू नको.”

म्हणजे तुम्ही तरी काय करणार! रंगवतील ते बोलणार. त्यालाही लोकांच्या तोंडावर हेच बोलावं लागतं, आणि तुमच्यासारखं त्याला पत्र्याचं मन नाही.

तेव्हा मालकसाहेब, पाटीआडून ऐकत असाल तर ऐका. मोफत हवा हा तुमचा दानधर्म नाही. तेल कंपन्यांच्या नियमावलीत पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहाबरोबर तीही तुमची जबाबदारी आहे. पाटी उतरवा, खांबावर चार पत्रे टाका, पोराला सावलीत बसवा.

आणि वाचकहो, सुटीत गाडी काढाल तेव्हा हवा घरून निघताना बघा, समृद्धीवर चढल्यावर नाही. पंपावर पाटीबाई भेटल्या तर तक्रार वही मागा. ती पंपावर असावीच लागते. तीत तारीख लिहा, वेळ लिहा, पंपाचं नाव लिहा. हवावाल्या पोराचं नाव मात्र लिहू नका.

आपला,
हिंगण्याचा एक कमी हवेचा ग्राहक